बँड शेवटच्या गाडीत

गयाबाई पोले यांच्यावर अन्याय झाला. कधी? सन २०००, अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी. कुठं? औंढ्याहून शिरड शहापूरकडं जाताना उतारावर जे वळण लागतं, तिथं. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढं लोक म्हणतात, नेमकं काय झालं कुणाला ठाऊक. मला ठाऊक आहे.

गयाबाई मेंढरं घेऊन रस्ता ओलांडत होत्या. त्याच वेळी आमच्या तांड्याची एक वरात वळणावर आली. जीपांची शर्यत लागली होती. पहिल्या जीपनं गयाबाईंना उडवलं. उजवा पाय गुडघ्याखाली कायमचा गेला. जीप थांबली नाही. ती मांडवात सगळ्यांच्या आधी पोचली आणि तिच्या ड्रायव्हरला, म्हणजे आमच्याच बंडू राठोडला, मांडवाच्या दारात टॉवेल, टोपी आणि नारळ मिळाला. आमच्याकडं तशी रीतच पडून गेली होती. वरातीतली जी जीप पहिली पोचेल तिच्या ड्रायव्हरचा मान. एक बाई रस्त्यात रक्तात पडलेली, मागच्या जीपमधले लोक तिला दवाखान्यात नेऊन राहिलेले, आणि इकडं मांडवात फोटो काढणं चालू.

नंतर मी बंडूला विचारलं, "थांबला काहून न्हाईस?"

तो म्हणाला, "थांबलो असतो तर मागचा पुढं गेला असता ना!"

आणि तांड्यातले शहाणे म्हणाले, "बाई रस्त्यात काहून आली?" जणू रस्ता जीपनं विकत घेतला होता. दोन्हीकडच्या लोकांनी बसून मिटवलं. गयाबाईंना विचारायला कुणी गेलं नाही.

आता माझं सांगतो. मी सेनगाव तालुक्यातल्या तांड्यावरचा. घरी आम्ही गोरबोली, म्हणजे बंजारा बोली, बोलतो. इथं मराठीत लिहितो, म्हणजे सगळ्यांना वाचता येईल. १९९३ साली फौजेत भरती झालो आणि ड्रायव्हर झालो. पोस्टिंग जम्मूकडं. काम साधं होतं: पीठ, डाळ, रॉकेल भरून थ्री-टन गाड्यांचा कॉन्व्हॉय डोंगरात न्यायचा, रिकाम्या गाड्या परत आणायच्या. पहाटे फॉल-इन, मग टायर, ब्रेक, तेल, पाणी तपासायचं, मग ब्रीफिंग. सपाटीला चाळीस, घाटात वीस. प्रत्येक गाडीच्या मागं हे आकडे रंगवलेले. त्यावर जाणाऱ्याची गय नाही.

तरुण पोरं होतो. वीसच्या वेगाला आम्हाला हसू यायचं. पहिल्याच महिन्यात आमच्यातल्या एकानं सुभेदारसाहेबांना म्हटलं, "साहेब, इससे तो खच्चर तेज चलता है." सुभेदारसाहेबांनी त्याला आठवडाभर खेचरांच्या तबेल्यात पाठवलं. परत आला तेव्हा तो वीसवर खूश होता.

पण आम्हाला वेगाचं वळण लावलं ते नायक दर्शन सिंह यांनी. ते कॉन्व्हॉयच्या शेवटच्या गाडीवर असत. फौजेत शेवटची गाडी म्हणजे उरलासुरला माणूस नव्हे. मेकॅनिक तिच्यात, सुटे भाग तिच्यात, वायरलेस तिच्यात. आणि दर्शन सिंहांनी स्वतःच्या डोक्यानं अजून एक गोष्ट तिच्यात ठेवली होती: सगळ्या कंपनीचा चहा. मोठा पितळी कंटेनर, वर घोंगडी गुंडाळलेली. हॉल्टवर कुणी कितीही लवकर पोचो, शेवटची गाडी आल्याशिवाय चहा नाही. आम्ही थंडीत हात चोळत उभे. ते सावकाश येत, सावकाश उतरत, दाढी नीट करत आणि म्हणत, "ओए मराठे, जल्दी पहुंच के क्या किया? चाय तो मेरे पास है!"

दोन महिन्यांत कॉन्व्हॉय आपोआप सरळ झाला. पुढचा ड्रायव्हर आरशात मागचा दिसतो का ते पाहू लागला. शिक्षेनं जे झालं नव्हतं ते चहानं झालं.

१९९८ च्या ऑक्टोबरात आम्ही डोंगर उतरत होतो. मी दर्शन सिंहांच्या गाडीवर को-ड्रायव्हर. आमच्या पुढची गाडी पंक्चर होऊन वळणाच्या थोडं खाली थांबली. वायरलेसवर बोलणं झालं. टेल म्हणजे शेवटची गाडी, लीड म्हणजे पहिली.

"टेल टू लीड. एक गाड़ी रुकी है. पंक्चर. ओव्हर."

"लीड टू टेल. कितना टाइम? ओव्हर."

"एक चाय जितना. ओव्हर."

चाक बदलणं चालू झालं. दर्शन सिंहांनी लाल झेंडी घेतली आणि मला म्हणाले, "चल, पीछे वालों को बता दें." आम्ही वळणाच्या वर चालत गेलो. वरून एक खासगी ट्रक आला. उतारावर गिअर काढून सोडलेला. झेंडी त्याला दिसली, पण थांबायला अंतर उरलं नव्हतं. दर्शन सिंहांनी मला डोंगराच्या बाजूला ढकललं. माझा डावा कोपर दगडावर फुटला. त्यांना ट्रक लागला. ते जागीच गेले.

ट्रकवाला खाली उतरला. म्हणाला, "माल टाइम पे पहुंचाना था." माल म्हणजे सफरचंदं.

त्या दिवशी चहाचा कंटेनर भरलेला परत आला.

कोपर सरळ होईना. गिअर टाकता येईना. मेडिकल कॅटेगरी गेली, अनफिट ठरलो आणि घरी आलो. आमचा जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. मी हिंगोलीत पत्रकं छापली. पिवळा कागद, वर ठळक अक्षरात: वेगाला शौर्य म्हणणाऱ्यांनो, शरम बाळगा! एसटी स्टँडवर उभा राहून वाटली. उन्हाळा होता, लोकांनी त्या पत्रकांनी वारा घेतला. एका जीपवाल्यानं माझंच पत्रक काचेला आतून चिकटवलं, ऊन लागू नये म्हणून, आणि भर्रकन निघून गेला. एक आजोबा तेवढे थांबले. पत्रक उलटसुलट पाहून म्हणाले, "पोरा, कागद चांगला हाये. मागून कोरा असता तर कामाला आला असता."

मग गयाबाईंचं झालं. पत्रकं वाटणाऱ्या माणसाच्या तांड्यातल्याच वरातीनं केलं. माझा इतका संताप झाला की मी पत्रकं वाटणं बंद केलं. कागदानं काही होत नाही. चहासारखं काहीतरी पाहिजे, हे कळत होतं. ते काय, हे सापडत नव्हतं.

पुढच्या वर्षी माझ्या धाकट्या भावाचं, विलासचं, लगीन ठरलं. मुलगी शिरड शहापूरजवळच्या तांड्यावरची. म्हणजे तोच रस्ता. तेच वळण. त्याच जीपा. मी वडलांना, म्हणजे बापूंना, सांगून टाकलं, "शर्यत होणार असंल तर मी वरातीत न्हाई. आन् विलासला बी जाऊ देणार न्हाई."

बापू भडकले. "लोक काय म्हणतील? फौजीनं वरात काढली का मयत?"

"मयतच निघू नये म्हणून सांगून राहिलो, बापू."

आई चुलीपाशी होती. ती म्हणाली, "भांडा तुमी. बँडवाल्याला निरोप धाडायचा राहून गेला, त्याचं बघा कुणीतरी."

बँड! मी उठून उभाच राहिलो. बँडशिवाय वरात मांडवात शिरत नाही. नवरदेव असो, मामा असो, कुणी असो, बँड येईपर्यंत सगळे वेशीबाहेर उन्हात. आणि आजवर आम्ही काय करत होतो? बँडला सकाळीच वेगळ्या टेम्पोनं पुढं पाठवून देत होतो! म्हणजे जो पहिला पोचेल त्याच्यासाठी वाजंत्री तयार. शर्यत आम्हीच लावत होतो.

मी सायकल काढली आणि बंडूच्या घरी गेलो.

"बंडू, विलासच्या वरातीत तुझी जीप सगळ्यात मागं."

"मागं? मी काय बैलगाडी हाकतो का?"

"बँड तुझ्या गाडीत बसंल."

बंडूनं चाक धुवायचं थांबवलं. विचार केला. मग हळूहळू त्याचं तोंड फुललं. "म्हंजे मी पोचल्याबिगर लगीनच लागत न्हाई!"

"बराबर."

"आन् टॉवेल-टोपी?"

"शेवटच्या गाडीला. बापूंना मी बघतो."

लग्नाच्या सकाळी तांड्यावर जीपा ओळीत लावल्या. मी टायर, ब्रेक, तेल, पाणी तपासलं. मग ब्रीफिंग दिलं. दोन गाड्यांत पन्नास मीटर गॅप, वेग चाळीस. मावशा म्हणाल्या, "पन्नास मीटर म्हंजे किती?" मी म्हणालो, "पुढच्या गाडीची धूळ तोंडात जाणार न्हाई इतकं." हे त्यांना पटलं. सगळ्यांच्या अंगावर नव्या साड्या होत्या.

हिंगोलीचे रफिकमास्तर बँड घेऊन बंडूच्या जीपमध्ये चढले. ढोल टपावर बांधला. मी मास्तरांना सांगितलं, दर वळणावर पिपाणी वाजवा. आवाज आला की पुढं कळतं, टेल ओके.

मास्तर म्हणाले, "फौजीसाब, ये पिपाणी है, वायरलेस नक्को समझो."

पण वाजवली. हिंगोली सुटेपर्यंत दर वळणावर मागून पिपाणी यायची आणि पहिल्या जीपमध्ये मी म्हणायचो, "टेल ओके." बायका पण म्हणू लागल्या. मग त्यांनी त्याचं गाणंच केलं. चाळीसच्या वेगानं गाणं ऐकू येतं, हे त्यांना त्या दिवशी कळलं. आधी वाऱ्याच्या आवाजात कधी ऐकूच आलं नव्हतं.

औंढा मागं पडलं आणि उत्तममामांचा धीर सुटला. मामा तिसरी जीप चालवत होते. त्यांची जीप ओळीतून बाहेर आली, आम्हाला कट मारून पुढं गेली. मामा खिडकीतून ओरडले, "फौजी, तू ये उद्यापर्यंत!"

आमचा ड्रायव्हर माझ्याकडं बघू लागला. पाय ॲक्सिलरेटरवर होता.

"चाळीस," मी म्हणालो.

"आवो, मामा..."

"चाळीस."

पुढं ते वळण होतं. गाण्याकडं माझं लक्ष नव्हतं. आम्ही उतारावर आलो आणि मामांची जीप दिसली. रस्त्याच्या कडेला तिरपी, पुढची चाकं मातीत. रस्ताभर मेंढरं. आणि मधोमध काखेत कुबडी धरून एक बाई उभी, हातात काठी, काठीला लाल लुगड्याचा तुकडा बांधलेला. गयाबाई. पाय गेल्यापासून मेंढरं रस्ता ओलांडताना त्या वळणाच्या अलीकडं येऊन झेंडी दाखवत होत्या. कुणी शिकवलं नव्हतं. मामांना ती लांबून दिसली म्हणून ब्रेक लागला. मेंढरांना काही झालं नव्हतं. मामांना मात्र व्हायचं होतं.

"डोळे घरी ठिवून आलास का रं?" गयाबाई म्हणत होत्या. "एवढा मोठा मिशीवाला, आन् मेंढरावानी बी चालता येत न्हाई?"

मामा फेटा सावरत म्हणाले, "आक्का, वरात हाये..."

"मंग बँड कुठं हाये?"

सगळ्या जीपा थांबल्या. बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. तेवढ्यात मागून पिपाणी आली. टेल ओके. बंडूची जीप हळूहळू वळणावर आली आणि थांबली. बंडू उतरला. गयाबाईंना पाहिलं आणि जागीच उभा राहिला.

गयाबाईंनी आधी जीप ओळखली, मग त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तूच ना रं तो?"

"व्हय, मावशी."

"त्या दिशी लई घाई होती."

बंडूनं खाली पाहिलं, कुबडीकडं.

"आज मागं काहून?"

"आज बँड माझ्याकडं हाये."

"पाय काय आता येत न्हाई," गयाबाई म्हणाल्या. मग काठीनं जीप दाखवत, "पन मागं चालून राहिलास ते बरं हाये. असाच चाल."

बंडू गुपचूप मेंढरं पलीकडं हाकायला लागला. कोरा शर्ट, त्यावर गुलाल, आणि मेंढरं त्याचं ऐकेनात. गयाबाई कुबडीवर टेकून त्याला शिकवत होत्या: "तसं न्हाई रं, म्होरच्याला न्हाई, मागच्याला हाक!" रफिकमास्तरांना राहवलं नाही. त्यांनी रस्त्यावरच बँड लावला. विलास नवरदेवाच्या कपड्यांत उतरला. मावशा नाचल्या, बापू नाचले. मामांची जीप सगळ्यांनी मिळून ढकलून वर काढली आणि ओळीत शेवटून दुसरी लावली.

मेंढरं पलीकडं थांबलेल्या दिराच्या स्वाधीन करून गयाबाई आमच्याबरोबर मांडवात आल्या, बंडूच्या जीपमध्ये, ढोलाच्या खाली. उशीर झाला होता. मुलीकडचे वेशीवर उभे होते. ओरडायला तोंड उघडलं आणि बँड वाजला. काय ओरडणार? बापूंनी टॉवेल-टोपी बंडूच्या हातात दिली. नारळ पुढं केला, तर बंडूनं तो गयाबाईंकडं वळवला. त्यांनी तो हलवून पाहिला, पाणी आहे का ते. आहे म्हटल्यावर ठेवून घेतला.

जेवणं झाल्यावर मी चहा केला. मोठं पातेलं, वर घोंगडी. शेवटचा ड्रायव्हर हात धुवून येईपर्यंत कुणाला दिला नाही. मामा म्हणाले, "आता हे काय नवीन?" मी सांगितलं, नवीन नाही, नायक दर्शन सिंह यांचं आहे. मग कोण दर्शन सिंह, ते सांगितलं. बंडू ऐकत होता. त्यानं आपला कप माझ्याकडं दिला आणि म्हणाला, "पहिला त्यांच्या नावानं." तो कप आम्ही घोंगडीशेजारी तसाच भरलेला ठेवला.

दर्शन सिंहांना कुणी शहीद म्हणत नाही. शत्रूची गोळी लागली नाही ना. सफरचंदांच्या ट्रकनं गेले. मी म्हणतो, आणि ठळक अक्षरात म्हणतो. दुसऱ्याची घाई थांबवायला माणूस रस्त्यात उभा राहिला आणि गेला. याहून वेगळी ड्यूटी कोणती असते?

आता तुम्ही. हो, वाचणाऱ्याला म्हणतो. तुमच्या घरी लगीन असेल, साखरपुडा असेल, जत्रेला जीप निघत असेल. हे माझं नवं पत्रक घडी घालून खिशात ठेवू नका आणि त्यानं वारा घेऊ नका. आजच ड्रायव्हरच्या घरी जा. बँड शेवटच्या गाडीत बसवा. टॉवेल-टोपी शेवटच्याला द्या. आणि शेवटची गाडी येईपर्यंत कुणालाही, अगदी नवरदेवाच्या मामालाही, चहा देऊ नका.