एक वीट

भाटकर सर गेल्याचं त्यांच्या बायकोनं, काकूंनी, दगडी गडग्यापलीकडून हाक मारून सांगितलं. "बाळा, ये रे... संपलं." दाढीचा ब्रश हातात तसाच धरून मी धावलो. काही आठवडे झाले, पण अजून कुणावर तरी चिडावंसं वाटतं आणि कुणावर ते कळत नाही.

ऐंशी-एक्क्याऐंशी साल असेल, मी नववीत. सर बलांच्या आकृत्या शिकवत. वाळूवरची होडी, तिला ओढणारे दोन दोर, एक सेंटीमीटर म्हणजे दहा न्यूटन. बाण काढायचे, चौकोन पुरा करायचा आणि कर्ण मोजायचा. एकदा माझा कर्ण दोन मिलिमीटर जास्त आला. "सर, एवढ्यातेवढ्यानं काय होतंय?" "मेल्या, हे वरचे दोन न्यूटन कोण ओढणार? तुझा आजा?" वर्ग खिदळला आणि माझी मधली सुट्टी पट्टी-पेन्सिलीत गेली. खडूस म्हणजे खडूस! पुढे मला रत्नागिरीतच नोकरी लागली आणि खोली मिळाली ती नेमकी सरांच्या शेजारी.

यंदाच्या पावसाळ्यात सर विहिरीच्या शेवाळलेल्या पायरीवरून घसरले, खुब्याचं हाड मोडलं. हृदय नाजूक, ऑपरेशन नको, म्हणाले डॉक्टर. मग घरीच खाटेच्या पायथ्याशी कप्पी लावली, पायाला दोर बांधला आणि दोराला विटांची पिशवी. ओढ कायम राहिली तर हाड जुळेल, काठी घेऊन का होईना, सर चालतील. पहिल्या दिवशी सरांना कोण उत्साह! "काढ आकृती. आधी प्रमाण लिही." झोपल्या झोपल्या पट्टी लावून तपासलीसुद्धा.

आठवडाभरात ती हौस फिटली. कळा सोसवेनात. एका दुपारी त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. "बाळा, एक वीट काढ रे."

"सर, डॉक्टरांनी मोजून लावल्यात. हाड सरकेल."

"काढ रे... कोण मोजतंय?"

हे आमचे सर बोलत होते! वीट काढावी तर पाय कायमचा जाणार, न काढावी तर ते कण्हणं ऐकवत नाही. मी पिशवीपर्यंत गेलो, तिला हात लावला आणि परत येऊन त्यांचं कपाळ चेपत बसलो. दुसरं काय करणार होतो? चार दिवसांनी हृदयच थांबलं.

विटा, दोर, सगळं सोडलं. पण त्या ओढीनं सर पायथ्याकडे सरकू नयेत म्हणून खाटेचे तिकडचे खूर जांभ्या दगडाच्या दोन चिऱ्यांवर चढवले होते, ते अजून तसेच आहेत. परवा मी चिरे काढायला वाकलो, तर काकूंनी घाईघाईनं माझा हात धरला.

"नको रे... खाली सरकतील ते."