गुरुवारचे पाहुणे

माझी भाची अरुंधती फार हुशार, असं सगळे सांगतात. त्यात काही विशेष नाही. हुशार मुली त्या वेळी आमच्या कासारवाडीत पैशाला पासरी होत्या. अरुंधतीचं निराळेपण असं, की आपण चुकू असं तिला कधी वाटायचं नाही, आणि चुकलीच तर ते चारचौघांत सांगायची तिला लाज वाटायची नाही. एकाच माणसात या दोन गोष्टी मी तरी दुसरीकडे पाहिल्या नाहीत. माझ्यात तर दोन्ही नाहीत.

ती नववीत असताना शाळेत तपासणीला साहेब आले होते. त्यांनी गणित घातलं, हिनं ठणकावून उत्तर दिलं, साहेब 'शाब्बास' म्हणून पुढच्या वर्गावर गेले. नंतर हिच्या लक्षात आलं की उत्तर चुकलं. साहेबांनाही ते येत नसणार. गप्प बसली असती तर काय बिघडत होतं? पण ही धावत फाटकापाशी गेली आणि जीपमध्ये चढणाऱ्या साहेबांना अडवून बरोबर उत्तर सांगून आली. तिचे वडील प्रभाकरराव त्याच शाळेत मास्तर. बिचारे बरेच दिवस मान खाली घालून शाळेत जात होते.

पुण्यात बी.कॉम. करून ती मुंबईला मॅनेजमेंट शिकायला गेली. हे नक्की काय शिक्षण, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. माझी बहीण सुहासिनी शेजारणींना 'बँकेची परीक्षा' एवढंच सांगायची आणि विषय पापडांवर न्यायची. अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात त्या शिक्षणाचा भाग म्हणून अरुंधतीला दोन महिने फोर्टातल्या एका मोठ्या बँकेत उमेदवारी करायची होती, तीही मर्चंट बँकिंग नावाच्या खात्यात. तिथे पैसे भरायचे नसतात की काढायचे नसतात, हे ऐकून मी तिला म्हटलं, मग बँक कसली?

तिनं मला समजावलं. एखाद्या कारखान्याला मोठं व्हायचं असतं, लोकांकडे पैसे पडून असतात. कारखान्याचे शेअर लोकांना विकायची सगळी व्यवस्था हे खातं करतं. लोकांनी पुरेसे अर्ज केले नाहीत तर उरलेले शेअर आम्ही घेऊ, अशी हमी मोठ्या दलालांकडून आधीच घ्यायची असते. म्हणजे दलालीच की, असं मी म्हणालो. ती रागावली नाही. दलाली काय वाईट असते का, असं तिनंच मला विचारलं.

त्या खात्यात तोवर एकही बाई नोकरीला नव्हती. तिथले प्रमुख सुरेंद्र तळपदे यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, की संस्थेनं पाठवलंय म्हणून दोन महिने शिका, नोकरीचं मात्र मनात आणू नका. हिनं तेवढंच मनात आणलं. ती नोकरी तिला इतकी हवी होती की घरी कुणी लग्नाचा विषय काढला तर ती सरळ उठून पाणी प्यायला जायची.

आता यात मी कसा आलो ते सांगतो. कासारवाडी स्टेशनाच्या पलीकडे रंगराव गाडे यांचा गाडे फोर्जिंग नावाचा कारखाना होता. तिथे लोखंड तापवून यंत्राच्या घणाखाली, म्हणजे हॅमरखाली, घडवायचं आणि गाड्यांच्या गिअरसाठी गोळे बनवायचे. मी तिथे सुपरवायझर. रंगराव मावळातल्या खेड्यातून आलेले, फिटरचे मालक झालेले. त्यांना दुसरा, मोठा हॅमर घ्यायचा होता, म्हणून शेअर काढायचे होते, आणि काम आलं ते नेमकं तळपद्यांच्या खात्याकडे. उमेदवार मुलगी कासारवाडीचीच आहे हे कळल्यावर त्यांनी माहिती गोळा करायला तिलाच पाठवलं. हॉटेलचा खर्च वाचला.

रंगरावांनी तिला ऑफिसात पंख्याखाली खुर्ची दिली. ती तिथे चहापुरती बसली. मग सुती साडी आणि पायात कॅनव्हासचे बूट अशा अवतारात भट्टीपासून भंगारापर्यंत सगळीकडे हिंडली. रंगरावांना आधी ती गंमत वाटली, नंतर धाक वाटायला लागला. पण कारखाना चांगला आहे असं तिचं मत झालं आणि तिनं मुंबईला तसं कळवलं.

मग एके दिवशी तळपदेसाहेबांचा ट्रंककॉल आला. हमी देणाऱ्या दलालांना घेऊन येतो, कुठला दिवस सोयीचा, असं त्यांनी विचारलं. अरुंधतीनं क्षणाचाही विचार न करता गुरुवार सांगितला.

आमच्या भागातल्या माणसाशिवाय ही चूक कुणाच्या हातून होणारच नाही. आमच्याकडे कारखान्यांची सुट्टी रविवारी नाही, गुरुवारी. त्यामुळे पाहुणे गुरुवारी, मुलगी दाखवायची गुरुवारी, बारसं गुरुवारी. जन्मापासून तिनं घरी आलेला प्रत्येक पाहुणा गुरुवारीच पाहिलेला. पाहुणे येणार म्हटल्यावर तिच्या तोंडून आपसूक गुरुवार गेला. पाहुण्यांना कारखाना चालू बघायचाय आणि गुरुवारी तो बंद असतो, हे त्या क्षणी तिच्या डोक्यातच आलं नाही.

लक्षात आणून दिलं ते रंगरावांनी. तेव्हा तिच्या तोंडचं पाणी पळालं. लगेच मुंबईला फोन लावला, तर तळपदेसाहेब अहमदाबादला गेलेले आणि तिकडून आले की थेट पाहुण्यांना घेऊन निघणार. रंगराव म्हणाले, त्यात काय, गुरुवारी माणसं बोलावू, ओव्हरटाइम देऊ, हॅमर चालू ठेवू. पण पोलादाचा ट्रक शुक्रवारी यायचा होता, मग हॅमरखाली घालणार काय? रंगरावांचा तोडगा असा, की बुधवारचा तयार मालच पुन्हा तापवून ठोकायचा. मुंबईच्या लोकांना काय कळतंय! अरुंधती नको म्हणाली. कारखाना बंदच दाखवू, चूक माझी आहे हे मी फाटकातच सांगते, असं तिनं बजावलं. रंगरावांनी मान डोलावली आणि ती घरी गेल्यावर मला बोलावून गुरुवारची माणसं ठरवली. मालकानं सांगितलं, मी आलो. सुपरवायझरनं आणखी काय करायचं असतं?

गुरुवारी सकाळी हॅमर सुरू झाला तसा रेल्वेलाइनच्या अलीकडेही जमिनीला हादरा बसायला लागला. सुहासिनीच्या फळीवरची भांडी वाजली. आज हॅमर कसा, म्हणून बायका दारात आल्या. अरुंधतीला काय ते कळलं आणि ती हातातला चहा तसाच ठेवून निघाली. ती पोचली तेव्हा पाहुणे आत येऊन उभे होते. त्यांना फाटकात गाठायचा तिचा बेत हुकला होता. रंगराव हायवेपर्यंत जाऊन त्यांना परस्पर आत घेऊन आले होते.

दोन दलाल होते. त्यांतले थोरले पांढऱ्या टोपीतले, लालभडक गोळ्यावर हॅमर पडताना लहान मुलासारखे बघत होते. तळपदेसाहेब खूश, रंगराव त्याहून खूश. तिनं नुसतं 'नमस्कार' म्हटलं असतं तरी सगळं पार पडलं असतं. ती सरळ माझ्याकडे आली आणि कानाशी ओरडली, "मामा, हॅमर बंद करा."

मी मालकाकडे पाहिलं नाही. हात वर केला, आणि हॅमर थांबला.

"सर, आज गुरुवार आहे," ती तळपद्यांना म्हणाली. "आमच्याकडे आज कारखाने बंद असतात. हा दिवस मी दिला, ती चूक माझी. इथे आत्ता चाललंय ते खरं काम नाही. कालचाच माल पुन्हा तापवून ठोकतायत."

रंगराव पेटले. "तुज्या बापाचं काय जात व्हतं गं गप बसाया?"

"तुमचा कारखाना चांगला आहे, रंगरावकाका. त्याला हे सोंग कशाला हवं होतं?"

टोपीवाल्यांनी शांतपणे तिला विचारलं, की ती बोलली नसती तर आपल्याला हे कळलं असतं का. नसतं कळलं, ती म्हणाली. मग कशाला बोलली?

"तुम्हाला नसतं कळलं," ती म्हणाली, "पण शेअरचे अर्ज भरणारे निम्मे लोक या लाइनीच्या आसपास राहतात. सकाळपासून त्यांच्या घरातली भांडी वाजतायत. इथे आज बनवाबनवी चाललीय हे त्यांना तुमच्या आधी कळलंय. अशा कारखान्याला तुम्ही हमी दिलीत, तर ते तुम्हाला हसतील आणि पैसे घरातच ठेवतील."

टोपीवाल्यांनी दोनदा ठोकलेल्या मालाकडे बोट करून मला विचारलं, याचं आता काय होणार? भंगार, मी म्हटलं. मग खरं काम कधी बघायला मिळेल? उद्या सकाळी सातला पहिली शिफ्ट, मी म्हटलं. ठीक आहे, सातला येतो, असं म्हणून ते गाडीकडे वळले. तळपदेसाहेब लालबुंद होऊन त्यांच्या मागे गेले. अरुंधतीकडे त्यांनी पाहिलंही नाही.

संध्याकाळी मी बहिणीकडे गेलो तर घरात सुतकी कळा. सुहासिनी रडून मोकळी झाली होती. अरुंधती म्हणाली, "नोकरी गेली, मामा. फार वाईट वाटतंय." तरी सकाळी सातला फाटकात माझ्या आधी तीच हजर होती.

शुक्रवारी पोलाद आलं, भट्टी पेटली, हॅमर चालला. टोपीवाले जेवणाच्या सुट्टीपर्यंत उभे राहिले. पाच-पंचवीस प्रश्न विचारले आणि निघताना रंगरावांच्या हातात हात देऊन हमी देतो म्हणाले. रंगरावांचे डोळे भरून आले, पण अरुंधतीशी ते बोलले नाहीत. फाटकापाशी तळपदेसाहेबांनी मात्र गाडीची काच खाली करून तिला बोलावलं.

"पुढच्या एप्रिलात परीक्षा झाली की माझ्या खात्यात रुजू व्हा," ते म्हणाले. "मात्र पाहुण्यांसमोर असं पुन्हा करायचं नाही."

"आधी तुमच्याकडे येईन, सर. तुम्ही भेटला नाहीत, किंवा ऐकलं नाहीत, तर पाहुण्यांसमोरच बोलेन. हे चालणार नसेल तर आत्ताच नाही म्हणा."

तळपद्यांनी मदतीसाठी माझ्याकडे पाहिलं. मी फाटकाची कडी तपासायला लागलो.

"एप्रिलात या," ते शेवटी म्हणाले आणि काच वर केली.

गाडी हायवेला लागली तशी अरुंधती फाटकाशेजारच्या दगडावर बसली आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली. नोकरी मिळाल्यावर कुणी रडतं का, असं मी विचारलं.

"ते नाही म्हणाले असते ना, मामा," ती म्हणाली, "तरी मी शब्द मागे घेतला नसता. मला माझीच भीती वाटली."