खैरनार काकांची तब्येत

विमा एजंटकडून गिऱ्हाईक एक पॉलिसी घेतं आणि चार किस्से ठेवून जातं. हप्ते थांबले की पॉलिसी बंद पडते, किस्से चालूच राहतात. माझ्याकडचे बहुतेक एकाच बाकावरचे आहेत.

हा बाक सिडकोतल्या आमच्या कॉलनीच्या बागेत. दोन हजार चार-पाचच्या सुमारास त्यावर रोज सकाळी चौघे बसायचे: माझे बाबा, जाधव काका, कुलकर्णी काका आणि खैरनार काका. चौघेही अंबडच्या एकाच कारखान्यातून रिटायर झालेले. नोकरी गेली तसा कंपनीचा मेडिक्लेमही गेला. स्वतःचा काढलेला होता, पण तो हॉस्पिटलच्या बिलापुरता. त्यावर एक जोड-पॉलिसी घ्या म्हणून मी मागे लागले होते. हार्ट अटॅक, कॅन्सर, किडनी असं काही मोठं निघालं की एकरकमी पैसे हातात. घ्यायला वयाची अट होती आणि चौघेही तिच्या काठावर बसून राजकारणावर बोलत होते.

बी.कॉम. होऊन मी नुकतीच एजन्सी घेतली होती. या लोकांना समजावण्यापेक्षा परीक्षा परत दिलेली परवडली असती.

*

पहिल्यांदा जन्मतारखा लिहून घेतल्या. चौघांपैकी तिघांची एक जून. ऑफिसातल्या साहेबांनी विचारलं, "मॅडम, हे तिळे आहेत का?"

जाधव काका सायखेड्याचे. त्यांना म्हटलं, खरी तारीख सांगा.

"आता कुठून आणू? आई म्हणायची, नदीला पूर होता. गुरुजी म्हणाले, एक जून लिहितो. सगळा वर्ग एकाच दिवशी जन्मला बघ. मरताना तेवढे एकेकटे मरू."

*

कुलकर्णी काकांच्या फॉर्मवर प्रश्न होता: घराण्यात कुणाला हृदयविकार?

"लिही, नाही. आमच्यात आजारपण नाहीच. वडील चहा पिता पिता गेले. कप खाली ठेवला आणि गेले."

"वय काय होतं?"

"अठ्ठेचाळीस. पण आजारी नव्हते हं."

मी 'हो' लिहिलं. ते आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. त्यांच्या वडिलांवर मी हृदयविकाराचा आळ घेतला होता.

काकूंचाही फॉर्म भरा म्हटलं, तर काका म्हणाले, "तिला काय होतंय?" काकू आतून चहा घेऊन आल्या. एक गुडघा वाकतच नव्हता. "माझी नको गं," म्हणाल्या. "मला झालं तर यांना जेवायला कोण घालणार, त्याची असली तर सांग."

*

सगळ्यात जास्त भांडण एका अटीवरून झालं. आजार निघाल्यावर तीस दिवस माणूस जगला, तरच पैसे.

"म्हणजे मरायचं पण यांना विचारून?" जाधव काका म्हणाले.

तरी पॉलिसी घेतली त्यांनीच पहिल्यांदा. वर्षभराने अटॅक आला. काकू रोज हॉस्पिटलच्या खालच्या पीसीओवरून फोन करायच्या. काकांची तब्येत सांगायच्या आणि शेवटी हळूच विचारायच्या, "पोरी, आज कितवा?" मला त्या प्रश्नाची लाज वाटायची आणि उत्तर तोंडपाठ असायचं.

अठ्ठाविसाव्या दिवशी काका गेले.

मी भेटायला गेले तेव्हा काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "छत्तीस वर्षं पहिल्या पाळीला एक दिवस लेट नाही गेला गं माणूस."

*

त्यानंतर बाकावर तिघेच उरले. बाबांनी आपण होऊन फॉर्म मागितला. त्यांना साखर होती आणि पॉलिसी नाकारतील याची धास्ती. मी म्हटलं, खरं तेच लिहा. त्यांनी लिहिलं, नाही. मग भांडण. "तुला पुस्तकातलं कळतं," हे त्यांचं नेहमीचं वाक्य.

खैरनार काका मात्र निर्धास्त होते. मूळचे देवळ्याचे, ताठ, रोज पाच किलोमीटर चालणारे. "माले काय धाड भरनी?" एवढं बोलून त्यांनी माझा फॉर्म दोनदा बाजूला सारला होता. आयुष्यात गोळी खाल्ली नाही, हे ते गोळ्या खाणाऱ्यांना मुद्दाम सांगायचे.

*

मेडिकलसाठी बाबांना लॅबमध्ये जायचं होतं. मी नेते म्हटलं तर म्हणाले, "मी काय लहान आहे?" गेले, आले. आठ दिवसांनी पॉलिसी नाकारल्याचं पत्र आलं, सोबत रिपोर्ट. साखर नॉर्मल. किडन्या निम्म्याहून जास्त गेलेल्या.

मी पंधरा दिवस आईपासून लपवून रडत होते. बाबांचं मीठ तोडलं, डाळी तोडल्या. ते निमूट जेवत होते. एरवी भाजीत मीठ कमी पडलं तर ताट सरकवणारा माणूस! शेवटी ओढत किडनीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पुन्हा तपासण्या केल्या. या वेळी साखर वाढलेली, किडन्या ठणठणीत. त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि म्हणाले, "हे एका माणसाचे रिपोर्ट नाहीत."

रिक्षात बाबा बाहेर बघत म्हणाले, "लॅबमध्ये खैरनार गेला होता. माझ्या नावानं. तिथे फक्त नाव विचारतात."

"तुम्हाला पंधरा दिवस माहीत होतं?"

"हो."

"आणि त्यांना?"

"पॉलिसी मिळाली नाही, एवढंच सांगितलंय." मग पिशवीतले रिपोर्ट सारखे करत, "कसं सांगू गं त्याला? तो माझ्यासाठी गेला होता."

मी रिक्षा तशीच खैरनार काकांच्या घराकडे वळवायला लावली.

काकू देवळात गेल्या होत्या. काका सोफ्यावर पेपर वाचत होते. मीच सगळं सांगितलं. आवाज चढला माझा. आधी बोलला असतात तर पंधरा दिवस वाया गेले नसते, उद्याच डॉक्टरांकडे चला, हे सगळं बाबांकडे बघून म्हटलं.

काकांनी चष्मा लावला. बाबांच्या नावाचा रिपोर्ट वाचला, मग बाबांच्याच नावाचा दुसरा वाचला. दोन्हींची नीट घडी घातली. टीपॉयखालून माझा जुना कोरा फॉर्म काढला, जो त्यांनी कधीच रद्दीत टाकला असेल असं मी धरून चालले होते, आणि माझ्यासमोर ठेवला.

"भर," म्हणाले. "टेस्टला तुझ्या बापाला पाठव."

बाबा उठले आणि दाराशी जाऊन चपला शोधू लागले.