अण्णाचा वारा

घरात ऑक्सिजनचा सिलिंडर आला की त्याच्या मागोमाग गोष्टीही येतात. आम्ही त्या जमवायला बसलो नव्हतो. माझा थोरला भाऊ, अण्णा, शहाबादी फरशी कापायच्या कामाला होता. दगडाची पूड छातीत बसली. गुलबर्ग्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता घरीच ऑक्सिजन लावा. तेव्हापासून आमचं गाव मादन हिप्परगा ते गुलबर्गा अशा माझ्या फेऱ्या सुरू झाल्या. रिकामा न्यायचा, भरलेला आणायचा.

अण्णाला जाऊन दीड महिना झाला. लोक भेटायला येतात, चहा होतो, आणि मग कुणीतरी म्हणतं, "ते बसमधलं सांग की!" मग मी सांगतो.

*

पहिल्या फेरीला परतताना आळंदच्या बसमध्ये कंडक्टरनं दारातच अडवलं. सिलिंडर छातीएवढा उंच, मी आणि हमालानं मिळून कसाबसा वर चढवलेला.

"बाँब आणलास काय? उतरव ते!"

"ऑक्सिजन हाय. पेशंटचा हाय."

त्यानं बसभर नजर फिरवली. "पेशंट कुठाय?"

"पेशंट गावात हाय. त्याचा वारा मी घेऊन चाललोय."

कंडक्टर मागं वळून ओरडला, "ए, बिड्या विझवा सगळ्यांनी! माणसाचा श्वास चाललाय गाडीत!"

त्यानंतर दर फेरीला तो स्वतः हात लावून सिलिंडर चढवायचा. नवा कुणी कुरकुरला तर म्हणायचा, "अण्णाचा वारा हाय. सरकून बस!"

*

एकदा व्हॉल्व्हची चावी फिरेना. विहिरीवरच्या इंजिनाचा नट अडकला तर आमच्याकडं करडईचं तेल सोडतात. मीही दोन थेंब सोडले. चावी लोण्यासारखी फिरली!

मोठी अक्कल लढवली म्हणून पुढच्या फेरीला ते खाजामियाँना कौतुकानं सांगितलं. खाजामियाँ म्हणजे गॅस भरायच्या कारखान्यातले म्हातारे कामगार. त्यांनी व्हॉल्व्हचे आटे हुंगले आणि माझी कॉलर धरली.

"तेल लगाया? ऑक्सिजन कू तेल मिला तो आग लगती रे! भाई कू बचाने आया, के जलाने?"

साबणानं तीनदा माझे हात धुवून घेतले. तो सिलिंडर बाजूला काढला, दुसरा दिला. निघताना म्हणाले, "तेरी अक्कल घर कू रख. इदर बस सूखे हात लेके आ!"

*

घरी येऊन मी फर्मान काढलं. सिलिंडरला हात लावणाऱ्यानं तेलाला शिवायचं न्हाई! चावी फिरवायचं काम वैनीचं. तिनं डोक्याला तेल लावायचंच सोडलं.

आमच्या गावात नवरा जिता असताना बाईनं कोरडे केस घेऊन हिंडणं म्हणजे अशुभ. नळावर शेजारच्या काकूनं तिला गाठलंच.

"कामून असं कोरडं डोकं ठेवायलीस गं? धनी हाय न्हवं अजून?"

वैनी म्हणाली, "धनी हाय म्हणूनच, काकू. तेल लावलं की जाईल."

काकूची घागर भरून वाहायला लागली, तरी तिला कळलं नाही.

*

खंडेनवमीला आम्ही हत्यारं पूजतो. अण्णाची छिन्नी, हातोडा, माझा विळा, सगळं ओळीनं मांडलं होतं. आईनं सिलिंडरलाही कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. इथवर ठीक होतं. मग ती पेटत्या कापराचं ताट घेऊन आत आली!

मी मागचापुढचा विचार केला नाही. तांब्याभर पाणी उचललं आणि ताटावर ओतलं. कापूर विझला, आईचं लुगडं भिजलं. सणाच्या दिवशी!

आईनं दुसरा कापूर घेतला, अंगण ओलांडलं, रस्ताही ओलांडला आणि पलीकडच्या कडुलिंबाखाली उभी राहून घराकडं तोंड करून ओवाळायला लागली. गाव बघायलंय! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. धावत जाऊन म्हणालो, "आई, एवढ्या लांबून?"

"सूर्याला ओवाळतो तवा काय जवळ जातो व्हय रे?"

*

बाहेर जायला अण्णाकडं एक छोटा सिलिंडर होता, काखेत मावेल एवढा. दोन तास पुरायचा. बाजाराच्या दिवशी तो घेऊन मी अण्णाला हॉटेलात न्यायचो. खाणीवरचे सोबती भेटायचे. त्यातला सिद्दप्पा एकदा मुकादमाची गोष्ट सांगायला लागला. सिद्दप्पाची गोष्ट म्हणजे मुकादमाच्या आज्यापासून सुरुवात!

अण्णानं हळूच नाकातली नळी काढली आणि व्हॉल्व्ह बंद केला.

"अण्णा, काय करायलास!" मी ओरडलो.

"ह्याची गोष्ट लांब हाय. ऐकायला वारा कमी लागतोय. बोलायला राहू दे."

सिद्दप्पाच्या हातातली बशी तशीच राहिली. मग तो एका दमात म्हणाला, "मुकादम पडला, पाय मोडला, गोष्ट संपली! लाव ती नळी!"

*

ही मात्र मी कुणाला सांगितलेली नाही.

तुरीच्या काढणीचे दिवस होते. माणूस मिळेना, आणि तिसऱ्याच दिवशी सिलिंडर संपत आला. मी घामाघूम होऊन घरात आलो आणि तोंडाला येईल ते बोललो. "परत गुलबर्गा? वारा ओढायलास का सांडायलास?"

अण्णा हसला.

पुढचा सिलिंडर चार दिवस गेला. त्याच्या पुढचा पाच. मी हॉटेलात सगळ्यांना चहा पाजला. अण्णा सुधारायलाय! खाजामियाँनाही सांगितलं. ते हसले नाहीत.

"मीटर की गोली कहाँ रैती?"

काचेच्या नळीत एक गोळी असते. वारा जास्त सोडला की ती वर चढते, कमी सोडला की खाली बसते.

"दोनवर," मी म्हणालो. "डॉक्टरनं सांगितलंय तिथं."

"रैती? या तू देखता तब रैती?"

त्या दिवशी मी दारातून गेलो नाही. मागच्या खिडकीतून बघितलं. गोळी पार तळाशी होती. अण्णा खाटेवर दोन्ही मुठी रोवून, खांदे वर ओढून बसला होता. ओठ जांभळे.

"अण्णा!"

तो दचकला. दोन्ही हातांनी मीटर फिरवला, गोळी दोनवर आणली, आणि दम खात खात मला विचारलं, "तूर निघाली का रे?"

*

अण्णाचा तेरावा झाल्यावर सिलिंडर परत करायला गेलो. कारखान्यात सकाळपासून लाइट नव्हती, भरायचं मशीन बंद. बाहेर टेम्पो उभा. तो करून आलेली एक म्हातारी पायरीवर रिकाम्या सिलिंडरला धरून बसली होती. घरी तिचा नवरा होता, आणि शेवटचा सिलिंडर त्याच्या उशाशी चालू होता.

खाजामियाँनी माझ्या सिलिंडरला वारा मोजायचं घड्याळ लावलं. काटा अर्ध्याच्या वर. माघारी आलेला वारा तिथं ठेवत नाहीत, सोडून देतात आणि नवा भरतात. तसा नियमच आहे. त्यांनी चावी माझ्यापुढं धरली.

"तू खोल. तेरे भाई का है."

मी चावी घेतली नाही. सिलिंडर कलता केला आणि बुडावर फिरवत फिरवत थेट टेम्पोपाशी नेला.

"आज्जी, हा घेऊन जा. आज पुरतोय, उद्या बी पुरतोय. तवर लाइट येईल."

म्हातारी उठली. सिलिंडरकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "कुणाचा हाय लेकरा?"

"माझ्या अण्णाचा."

"मग त्याला लागत न्हाई व्हय?"

खाजामियाँ माझ्याकडं बघत होते.

"न्हाई, आज्जी," मी म्हणालो. "अण्णा बरा झाला."