उघाडीचं दार
रोह्याच्या बाजारात ओल्या कोळंबीचा वास आला की मला पेणजवळच्या खाडीकाठच्या गावातली ती ग्रामसभा आठवते. माझी आत्या तेव्हा तिथं सरपंच होती. भरतीचं खारं पाणी शेतात शिरून गावाचं उभं भात करपलं होतं. देवळाच्या मंडपात घामेजलेली माणसं दाटीवाटीनं बसली होती, आणि खाडीतून माल नेणाऱ्या कंपनीच्या बार्जच्या लाटांनी खाडीचा बांध फुटला असं सांगून तिच्याकडून भरपाई मागायचं जवळजवळ ठरलंच होतं. तेवढ्यात आत्या उभी राहिली. "बांध फुटला नाय," ती म्हणाली, "बांधातल्या उघाडीचं दार आमच्या ह्यांनी खोललं, कोळंबी धरायला. मग लावायचं इसरले." उघाडी म्हणजे शेतातलं पाणी खाडीत सोडायला बांधात ठेवलेली दाराची वाट. आतोबा सगळ्यांदेखत उठून निघून गेले. भरपाईचा विषय तिथंच संपला. रात्री जेवताना ते एवढंच म्हणाले, "चारचौघांत माझं नाव घ्यायची गरज व्हती काय?" ताटात भात वाढत आत्या म्हणाली, "मग कोनाचं घेऊ?" पुढच्या निवडणुकीत ती पडली. तेव्हा आपण मत तिलाच दिलं होतं, असं आतोबा आता सांगतात. आत्या नुसती हसते. मला मात्र ते खरं वाटतं.