वहीतला आडनावाचा रकाना

मित्रमैत्रिणींनो, आज सकाळी चर्चच्या दारात नवीन येणाऱ्यांचं स्वागत करायची पाळी माझी होती. एक मावशी पहिल्यांदाच आल्या. चिंचोळी एमआयडीसीत कामाला आहे, म्हणाल्या. मी पाणी दिलं आणि वही उघडली.

"नाव काय, मावशी?"

"सुनीता."

"आडनाव?"

त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. मग म्हणाल्या, "हितंबी आडनाव लागतंय व्हय?" आणि पायऱ्या उतरून निघून गेल्या.

पास्टरकाका म्हणाले, "अगं, जा की, बोलव त्यांना!" मी गेले नाही, वहीकडेच बघत राहिले.

कॉलेजात पहिल्या दिवशी माझीही जात आडनावावरूनच ओळखली गेली होती. तेव्हा घरी येऊन खूप रडले होते. आज रडूही येत नाहीये.

तो रकाना मीच आखला होता.

खरं सांगा, अनोळखी माणसाला नावापाठोपाठ तुम्ही काय विचारता?