थोरलीने चालवलं

धाकटी बहीण तीन वर्षांची झाली तरी उभी राहत नव्हती. मानही तिने उशिराच धरली होती. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, "जन्मापासूनच हिचे स्नायू सैल आहेत. रोज अर्धा तास धरून उभी करा, पावलं टाकायला लावा. उशिरा चालेल, पण चालेल." आई पनवेलातल्या शाळेत दुपारी शिकवायला जायची, म्हणून हे काम माझ्याकडे आलं.

मी मॅट्रिकच्या वर्षाला होते आणि रसायनाने झपाटलेली. टॉर्चचा संपलेला सेल फोडून आतली कार्बनची काळी कांडी काढली, तिच्यातून वीज नेऊन इवलासा दिवा लावला. कोळशाच्या जातीच्या त्या कांडीत इलेक्ट्रॉन एका अणूकडून दुसऱ्याकडे जातात कसे, यापुढे मला काही सुचेना. बहिणीला मी भिंतीशी उशा लावून बसवायचे, हातात लाटणं द्यायचे आणि पुस्तकात डोकं घालायचे. ती हाक मारल्यासारखा आवाज करायची. "थांब हं," मी म्हणायचे. ती थांबायची.

संध्याकाळी आई विचारायची, "केलंस ना गं?"

"केलं."

मागच्या घरात मिठागरावर काम करणारी एक बाई राहायची. सकाळचं काम आटोपून एकदा ती दारात आली. "हिला बसवूनच ठेवतेस का गो? तुजी आय त सांगते, तू चालवतेस म्हनून."

मी पुस्तकाचं पान उलटलं. तिने बहिणीला अंगणात नेलं, आपल्या पावलांवर तिची पावलं ठेवली आणि चालू लागली. मग रोजच येत राहिली. मी अडवलं नाही. मला अभ्यासाला वेळ मिळत होता.

दीड वर्षाने एका रविवारी बहीण एकटी स्वयंपाकघरापर्यंत चालत गेली. आईने मला छातीशी धरलं. "थोरलीने चालवलं हिला," ती रडत म्हणाली. ती बाई तिथेच उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं.

"हां, चांगली चालवली," ती म्हणाली.

तेव्हाच बोलायला हवं होतं.

पुढे मी रसायन शिकवू लागले. बाई लेकीकडे गव्हाणला राहायला गेली होती. बहिणीला घेऊन मी तिथे गेले, माफी मागितली. "आय खूश होती, मी कशाला बोलू?" एवढंच म्हणून ती बहिणीचे तळवे चाचपत बसली.

परत आल्यावर आईने विचारलं, "कुठे गेला होतात?"

"कर्नाळ्याला, पक्षी बघायला," मी सांगितलं.